संगणकीय मराठी संहिता आणि अंध वाचक

१

लेखन म्हणजे भाषेचे दृश्य रूप, ही व्याख्या भाषाशास्त्राच्या प्राथमिक पाठातच विद्यार्थ्याच्या कानी पडते. ती इतकी अंगवळणी पडलेली असते की, तिच्यातील ‘दृश्य’ हे विशेषण लेखनाच्या स्वरूपास खरोखरच आवश्यक आहे काय, हा प्रश्न सहसा उपस्थित होत नाही. अंध वाचक मात्र तो प्रश्न आपल्या नित्याच्या वाचनातून उपस्थित करीत असतो. तो बोटांनी वाचतो किंवा कानांनी वाचतो. बोटांनी वाचावयाचे ते ब्रेल. कानांनी वाचावयाचे ते संगणकातील ‘स्क्रीन रीडर’ या आज्ञावलीच्या कृत्रिम आवाजातून. या आज्ञावलीस येथे पडदावाचक असे म्हटले आहे. दोन्ही प्रकारांत अक्षरांची वळणे त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत. पोहोचते ती त्या वळणांच्या मागे साठविलेली भाषा. आणि ती तेथे साठविलेलीच नसेल, तर काहीच पोहोचत नाही.

अपंग व्यक्तींना संगणकीय माहिती व ऑनलाइन शिक्षण सुगम व्हावे, या विषयाची चर्चा गेल्या पाव शतकात पुष्कळ झाली आहे. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख व महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार अपंग व्यक्तींची नोंद झाली. दृष्टीविषयक अपंगत्व असलेल्या व्यक्तींची देशातील संख्या सुमारे ५० लाख होती. ही चर्चा बहुधा दोन अंगांनी चालते. एक अंग कायद्याचे, दुसरे यंत्राचे. हक्क मान्य झाला आणि यंत्र उपलब्ध झाले की प्रश्न सुटला, असे या चर्चेत गृहीत धरलेले दिसते. या दोहोंच्या मध्ये जी वस्तू असते, म्हणजे प्रत्यक्ष मराठी संहिता, तिच्या स्वरूपाचा विचार मात्र क्वचितच होतो.

एक उदाहरण कल्पून पाहावे. मराठी विषय घेऊन एम.ए. करणाऱ्या एका अंध विद्यार्थिनीस विभागाने एका अभ्यासपत्रिकेसाठी चार साधने पुरविली आहेत. पहिले, प्राध्यापकांनी पूर्वी टंकलिखित करून ठेवलेली टिपणे. दुसरे, अलीकडे लिहिलेला एक लेख. तिसरे, एका जुन्या ग्रंथाची पानांची छायाचित्रे काढून केलेली प्रत. चौथे, एका व्याख्यानाचे चित्रमुद्रण. तिच्या डोळस सहाध्यायांच्या दृष्टीने ही चारही साधने सारखीच उपलब्ध आहेत. तिच्या दृष्टीने पहिले व तिसरे साधन जवळजवळ कोरे आहे, दुसरे वाचता येते पण त्याच्याविषयी निःशंक राहता येत नाही, आणि चौथ्यातील महत्त्वाचा भाग नेमका निसटतो. हा भेद कोठून उत्पन्न होतो याची चिकित्सा केली असता असे आढळते की, सुगम्यता हे ग्रंथ पुरा झाल्यावर त्याला बाहेरून जोडावयाचे उपकरण नव्हे. तो संहितेचाच एक गुण आहे. आणि तो संहितेचा गुण असल्यामुळे त्याची जबाबदारी संहिता रचणाऱ्या, संपादणाऱ्या आणि शिकविणाऱ्या मंडळींवर येते.

२

पहिल्या साधनाचा विचार करण्यापूर्वी ब्रेलच्या इतिहासाकडे थोडे वळणे इष्ट आहे; कारण संगणकापुढे जो प्रश्न आला तोच ब्रेलपुढे आधी आला होता. लुई ब्रेल यांनी १८२९ मध्ये आपली पद्धती प्रसिद्ध केली. तीत सहा टिंबांच्या एका चौकटीतून ६३ चिन्हे सिद्ध होतात. भारतात विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत निरनिराळ्या ब्रेल पद्धती चालू होत्या. १९५१ मध्ये सर्व भारतीय भाषांसाठी ‘भारती ब्रेल’ ही समान पद्धती स्वीकारण्यात आली, आणि मराठी ब्रेल हे तिचेच रूप आहे. या पद्धतीच्या कर्त्यांपुढे दोन मार्ग होते. देवनागरीच्या आकारांची नक्कल करावयाची, किंवा देवनागरी ज्या ध्वनींची नोंद करते त्या ध्वनींचा मागोवा घ्यावयाचा. त्यांनी दुसरा मार्ग पत्करला. ‘क’ला इंग्रजी ब्रेलमधील ‘के’चे चिन्ह मिळाले, ‘म’ला ‘एम’चे. स्वर व त्याची मात्रा यांना वेगवेगळी चिन्हे ठेवली नाहीत. ‘कि’ हे अक्षर लिहिताना प्रथम ‘क’ येतो व नंतर ‘इ’. कागदावर व्यंजनाच्या अगोदर दिसणारी वेलांटी बोटाखाली व्यंजनानंतर येते, म्हणजे ज्या क्रमाने उच्चार होतो त्याच क्रमाने येते. ‘सी’ आणि ‘सई’ यांत घोटाळा होऊ नये म्हणून दुसऱ्या शब्दात मध्ये ‘अ’चे चिन्ह घालतात. जोडाक्षराचा आकार ब्रेलमध्ये नाहीच. स्वरलोपाचे एक चिन्ह आणि घटक व्यंजने, एवढ्यावर ते बहुधा भागते. थोडक्यात, लिपीचे रूप सोडून लिपीची घटना तेवढी ब्रेलने उचलली.

१९८० नंतरच्या दशकांत मराठी मुद्रण संगणकावर आले, तेव्हा हाच प्रश्न नव्याने उभा राहिला आणि त्याचे उत्तर उलट दिशेने दिले गेले. त्या काळातील संगणकास प्रत्येक फाँटमागे फार तर २५६ चिन्हांची जागा असे. फाँट रचणाऱ्यांनी रोमन अक्षरांच्या जागी मराठी अक्षरे, अर्धाक्षरे, काने, वेलांट्या असे तुकडे बसविले. त्यांचा हेतू कागदावर सुबक अक्षर उमटावे एवढाच होता, आणि तो त्यांनी उत्तम प्रकारे साध्य केला. त्याबद्दल त्यांना दोष देण्याचे कारण नाही. परंतु या व्यवस्थेत संगणकाच्या स्मृतीत जे साठले ते मराठी नव्हते. ‘कृतिदेव’ हा सुपरिचित फाँट घेतला, तर त्यात ‘मराठी’ हा शब्द ई, जे, के, बी, एच या पाच रोमन अक्षरांच्या रूपाने साठतो. ‘दिवस’ हा शब्द एफ, एन, ओ, एल असा साठतो, आणि त्यात वेलांटीची खूण ‘द’च्या अगोदर असते, कारण ती कागदावर अगोदर दिसते. डोळ्यांना ‘मराठी’ दिसते. पडदावाचक त्या पाच रोमन अक्षरांचा एक निरर्थक पुंजका उच्चारतो. वर कल्पिलेल्या विद्यार्थिनीस पहिले साधन कोरे वाटते ते याच कारणाने. टिपणे तिच्या हाती आली आहेत. फक्त त्यांत भाषा नाही.

या प्रश्नाचे योग्य उत्तर मिळण्यास फार काळ लागला नाही. १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून ‘इस्की’ ही संकेतपद्धती निश्चित झाली आणि त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. युनिकोडमधील देवनागरीची मांडणी ‘इस्की’च्या आधीच्या, १९८८ मधील रूपावर आधारलेली आहे. या पद्धतीत ‘कि’ म्हणजे आधी ‘क’ आणि मग इकार. वेलांटी अगोदर काढावयाची हे काम फाँटचे. साठवणुकीचा क्रम उच्चाराचा. १९५१ मध्ये ब्रेलच्या कर्त्यांनी जो निर्णय घेतला, त्याच निर्णयाप्रत संगणकशास्त्र ४० वर्षांनी आले. त्यामुळेच आज एकाच संकेतबद्ध संहितेतून आवाजही निर्माण करता येतो आणि टिंबे वरखाली होणाऱ्या ब्रेलपट्टीवर तीच संहिता स्पर्शासही देता येते.

‘वेब कंटेंट ॲक्सेसिबिलिटी गाइडलाइन्स’ या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत मजकुराची जी व्याख्या आहे, ती या संदर्भात मननीय आहे. ज्या चिन्हांचा क्रम यंत्रास निश्चितपणे ओळखता येतो आणि जो क्रम मानवी भाषेत काही व्यक्त करतो, त्यास मजकूर म्हणावे, असा तिचा आशय आहे. जुन्या फाँटांतील मराठी या व्याख्येचे पहिले कलम पुरे करते, दुसरे करीत नाही. म्हणजे आपल्या विभागांतून वर्षानुवर्षे साठलेली कितीतरी टिपणे, प्रश्नपत्रिका आणि प्रबंध हे या व्याख्येनुसार मजकूरच नव्हेत. ती मजकुराची चित्रे आहेत. त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर करणाऱ्या आज्ञावली उपलब्ध आहेत, हे खरे. परंतु प्रत्येक फाँटची वाटणी निराळी असते. वेलांटी मागे न्यावी लागते. ‘धर्म’ या शब्दातील रफार जुन्या फाँटात ‘म’नंतर साठलेला असतो, तो ‘म’च्या अगोदर आणावा लागतो. अशा प्रत्येक हलवाहलवीत चूक संभवते. सबब रूपांतरानंतर मूळ प्रतीशी ताडून पाहणे अपरिहार्य ठरते.

३

दुसरे साधन, म्हणजे युनिकोडमध्ये लिहिलेला लेख, हे साहजिकच अधिक सुगम. तथापि युनिकोड वापरले म्हणजे सर्व काही झाले, ही समजूत तपासून घेतली पाहिजे. युनिकोड लिपीची नोंद करते. भाषेची करीत नाही. देवनागरीत लिहिलेला मजकूर मराठी आहे, हिंदी आहे की नेपाळी, हे संहितेस वेगळी भाषाखूण जोडून सांगावे लागते. ती खूण नसली किंवा चुकीची असली, तर पडदावाचक हिंदीचा आवाज योजण्याचा संभव असतो. मग ‘ज्ञानेश्वर’ हे नाव ‘ग्यानेश्वर’ असे ऐकू येते आणि ‘कृष्ण’ हे ‘क्रिष्ण’ असे. मराठीत ‘ज्ञ’चा प्रचलित उच्चार ‘द्न्य’ आणि ‘ऋ’चा ‘रु’ असा आहे, हे ज्यास ठाऊक आहे तो मनातल्या मनात दुरुस्ती करील. परंतु मराठी शाळेत नुकतेच वाचू लागलेले अंध मूल त्या आवाजालाच आपली प्रमाणभाषा मानील. लिपी आणि भाषा एक नव्हेत, हा भाषाशास्त्राचा आरंभीचा सिद्धान्त येथे एका व्यावहारिक चुकीच्या रूपाने पुन्हा समोर येतो.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दोन शब्द मराठीत भिन्न आहेत. पहिल्यात गुरुजनांचा निर्देश आहे, दुसऱ्यात स्वयंपाक्यांचा. तसेच ‘दर्या’ म्हणजे समुद्र व ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल भाग. हा भेद मराठी लेखनाने रफार व चंद्रकोरीसारखा अर्धा ‘र’ या दोन चिन्हांनी सांभाळला आहे. युनिकोडमध्ये हा अर्धा ‘र’ दोन प्रकारांनी लिहिता येतो. नुक्ता असलेल्या ‘ऱ’ला हलन्त करून, किंवा साध्या ‘र’च्या हलन्तानंतर एक अदृश्य जोडचिन्ह घालून. दोहोंचे दृश्य रूप एकच. परंतु मजकूर एका आज्ञावलीतून दुसरीत नेताना ते अदृश्य चिन्ह गळले, तर आचाऱ्यांचे आचार्य होतात. हीच गत ‘ॲ’ची. त्यास युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ मध्ये मिळाले. तत्पूर्वी तो ‘अ’वर चंद्र देऊन लिहिला जाई, आणि अद्यापही अनेक ठिकाणी तसाच लिहिला जातो. डोळ्यांना दोन्ही सारखे. शोध घेणाऱ्या यंत्रास मात्र ते दोन निरनिराळे शब्द होत. याच्या उलट, २००९ च्या शासन निर्णयाने ‘ल’ व ‘श’ यांची जी प्रमाण वळणे ठरविली, त्यांचा ऐकणाऱ्या वाचकाशी काहीही संबंध नाही. वळण बदलले तरी संकेत तोच राहतो. लेखनातील कोणते भेद भाषेचे आहेत आणि कोणते केवळ अक्षराच्या वळणाचे, याची अशी स्वच्छ कसोटी अंध वाचकाच्या वाचनातून मिळते.

तिसरी अडचण मराठी लेखनाच्या प्रकृतीतच आहे. मराठीत ‘च’, ‘ज’ आणि ‘झ’ यांचे दोन उच्चार आहेत, एक दन्त्य व एक तालव्य. लेखनात मात्र ते वेगळे दाखवीत नाहीत. ‘माझा’ यातील ‘झ’ एक, ‘माझी’ यातील दुसरा. ‘जग’ हा शब्द विश्व या अर्थी तालव्य ‘ज’ने व ‘जगणे’ या धातूचे आज्ञार्थी रूप म्हणून दन्त्य ‘ज’ने उच्चारला जातो. तीच गोष्ट अकाराच्या लोपाची. ‘कापड’ या शब्दात ‘प’मधील अकार उच्चारला जातो, ‘कापडाचा’ या रूपात तो लोपतो. डोळस वाचक हे सर्व आपल्या भाषाज्ञानातून भरून काढतो. ब्रेल वाचणाराही तसेच करतो. कारण ब्रेलमध्येही हे भेद लिहिलेले नसतात, पण तेथे शब्दाचा उच्चार वाचक स्वतः करतो. पडदावाचकात मात्र ते काम यंत्राने आधीच केलेले असते. म्हणजे कृत्रिम आवाज हा संहितेचा केवळ प्रतिध्वनी नव्हे, तो संहितेचा अन्वय आहे. आणि अन्वयार्थ जसा चुकतो तसा तोही चुकू शकतो.

शिवाय त्या आवाजात लेखनाचा एक भाग हरवतो. ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब हे दोन शब्द मराठीच्या नित्य उच्चारात फारसे भिन्न ऐकू येत नाहीत. ऐकून वाचणाऱ्या विद्यार्थ्यास शब्द अक्षरशः सुटा करून ऐकल्यावाचून त्याचे ऱ्हस्वदीर्घ कळत नाहीत. मग त्याच्या उत्तरपत्रिकेतील शुद्धलेखनाच्या चुकांना अज्ञान म्हणणे कितपत न्याय्य, याचा विचार परीक्षकाने करावयास हवा. पडदावाचक आला म्हणून ब्रेल कालबाह्य झाले, असे म्हणणाऱ्यांस यातच उत्तर आहे. आवाज वेग देतो, ब्रेल लेखन देते. भाषा व साहित्य यांच्या अभ्यासकास दोन्ही हवीत.

४

तिसरे साधन म्हणजे जुन्या ग्रंथाची छायाचित्ररूप प्रत. पानाचे चित्र पडदावाचकास काहीच सांगत नाही, हे उघड आहे. यावर सांप्रत असे उत्तर दिले जाते की, चित्रातील अक्षरे ओळखणाऱ्या ओसीआर आज्ञावली आणि आता कृत्रिम बुद्धिमत्ता यांमुळे हा प्रश्न लवकरच उरणार नाही. तेव्हा संहितेची एवढी चिंता वाहण्याचे कारण नाही. या साधनांचे साहाय्य मोठे आहे, यात शंका नाही. त्यांच्यामुळे ज्या ग्रंथास कोणी हात लावला नसता तो निदान ऐकता तरी येतो. परंतु अक्षर ओळखणे हा एक तर्क असतो. देवनागरीत ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांच्या आकारांत थोडाच भेद आहे. झिजलेल्या खिळ्यांनी छापलेल्या पानावर ‘घन’ हा शब्द ‘धन’ असा ओळखला जाणे अशक्य नाही. आणि ‘धन’ हाही मराठीतील अर्थपूर्ण शब्दच असल्यामुळे चूक चूक म्हणून जाणवत नाही. डोळस वाचकास संशय आला तर मूळ पान त्याच्यासमोर असते. ऐकणाऱ्या वाचकास मूळ पानाचा आधार नसतो, म्हणून त्याला संशय येण्याचेही साधन नसते. शंकास्पद पाठावर त्याने जो युक्तिवाद उभारला, त्याच्या पायाची तपासणी त्यास करता येत नाही. संशोधनाच्या विद्यार्थ्यास याहून मोठी हानी कोणती?

जुन्या ग्रंथांत आणखी एक प्रश्न उद्भवतो. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ मध्ये आले आणि त्यांत १९७२ मध्ये भर पडली. तत्पूर्वीच्या मुद्रित ग्रंथांत व्युत्पत्तीने सिद्ध पण उच्चारात नसलेले अनुस्वार असत. ‘नांव’, ‘कांहीं’, ‘पांच’ अशी रूपे तेव्हा शुद्ध होती. आजच्या प्रमाण उच्चारावर बेतलेला कृत्रिम आवाज हे अनुस्वार प्रामाणिकपणे उच्चारतो आणि परिच्छेदच्या परिच्छेद सानुनासिक करून सोडतो. ऐकणाऱ्यास ते दुःसह होते. यावर दोन उपाय संभवतात. पहिला, ग्रंथाचे लेखन आजच्या नियमांप्रमाणे बदलून घेणे. सामान्य वाचनासाठी तो पुरेसा होईल. परंतु अभ्यासाच्या दृष्टीने तो अग्राह्य आहे. जुन्या मराठीत कित्येक अनुस्वार विभक्तीचा व लिंगवचनाचा बोध करून देतात, आणि ते पुसून टाकलेली संहिता ही पाठभेदांच्या चर्चेस निरुपयोगी ठरते. अंध अभ्यासकास सुलभ म्हणून बदललेली प्रत द्यावयाची आणि डोळस अभ्यासकास मूळ प्रत द्यावयाची, हा न्याय होणार नाही. दुसरा उपाय असा की, संहिता मूळाप्रमाणे राखावी आणि तिच्यासोबत उच्चारकोश द्यावा. असा कोश यंत्रास कोणत्या रूपात द्यावा याचे मानक २००८ मध्येच सिद्ध झाले आहे, आणि इपबच्या तिसऱ्या आवृत्तीत ते ग्रंथास जोडण्याची सोय आहे. ज्याचा अर्थ उच्चार कळल्यावाचून निश्चित होत नाही अशा शब्दाचा उच्चार कळविण्याची व्यवस्था असावी, अशी कसोटी उपर्युक्त मार्गदर्शक तत्त्वांतही आहे. मात्र ती सर्वांत वरच्या श्रेणीत घातलेली असल्यामुळे सहसा कोणी तिची दखल घेत नाही. मराठीसारख्या भाषेत ती खालच्या श्रेणीत आणावी, असे मागण्यास भरपूर आधार आहे.

मराठी उच्चारकोश तयार करणे हे संगणकतज्ज्ञाचे एकट्याचे काम नव्हे. कोणता ‘च’ दन्त्य आणि कोणता तालव्य, कोठे अकार लोपतो, कोणता अनुस्वार उच्चारावयाचा, हे प्रश्न मराठी ध्वनिविचाराचे आहेत. विद्यापीठांतील भाषाविभाग त्यांची चर्चा व्याकरणाच्या पुस्तकांतून करीत आले आहेत. त्या चर्चेचा इतका प्रत्यक्ष उपयोग यापूर्वी क्वचितच उपस्थित झाला असेल.

५

चौथे साधन म्हणजे चित्रमुद्रित व्याख्यान. येथे लेखनाचा प्रश्न मागे पडतो व बोलण्याचा पुढे येतो. व्याख्यान ऐकावयाचेच असते, तेव्हा अंध विद्यार्थिनीस त्यात अडचण कसली, असे प्रथमदर्शनी वाटेल. परंतु फळ्यासमोर किंवा पडद्यासमोर उभा असलेला अध्यापक कोणत्या भाषेत बोलतो ते पाहावे. ‘हा शब्द येथे घ्या’, ‘यातून हे असे होते’, ‘ही बाजू त्या बाजूशी जुळवून पाहा’. दर्शक सर्वनामांचा अर्थ त्यांनी निर्दिष्ट केलेल्या वस्तूवाचून पुरा होत नाही. आणि वस्तू दिसत नसेल, तर वाक्य व्याकरणशुद्ध राहूनही आशयशून्य होते. या दोषाचे निवारण यंत्राने होणार नाही. ‘हा शब्द’ याऐवजी शब्दच उच्चारला, आकृतीतील संबंध वाक्यात सांगितला, तर ते व्याख्यान तत्काळ सुगम होते. त्यास खर्च नाही. अध्यापनाच्या सवयीत बदल तेवढा करावा लागतो.

याच व्याख्यानाचा बधिर विद्यार्थ्याच्या बाजूने विचार केला, तर प्रश्न उलटतो. त्यास आकृती दिसते, शब्द ऐकू येत नाही. म्हणून पडद्याच्या तळाशी शब्दांकन द्यावे लागते. ते यंत्राने आपोआप केलेले असेल, तर पारिभाषिक संज्ञा व विशेषनामे यांतच सर्वाधिक चुका होतात, म्हणजे जेथे अचूकपणा हवा नेमका तेथेच तो नसतो. शिवाय हे ध्यानात ठेवावे लागते की, भारतीय सांकेतिक भाषा म्हणजे हातवाऱ्यांनी केलेली मराठी किंवा हिंदी नव्हे. तिचे व्याकरण स्वतंत्र आहे. तिच्या संशोधनासाठी व प्रशिक्षणासाठी केंद्र शासनाने २०१५ मध्ये दिल्लीस स्वतंत्र संस्था स्थापन केली. ज्याची पहिली भाषा ही सांकेतिक भाषा आहे, त्याच्या दृष्टीने मराठी शब्दांकन हे दुसऱ्या भाषेतील वाचन होय. म्हणून शब्दांकन दिले की कर्तव्य संपले असे नाही. एकाच साधनाच्या दोन बाजूंनी दोन विद्यार्थी वंचित होतात, आणि दोहोंच्या बाबतीत मूळ प्रश्न भाषेचाच ठरतो.

६

कायद्याने या विषयात केलेली प्रगती लहान नाही. १९९५ च्या अधिनियमाची जागा २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने घेतली. तो १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला, आणि त्याच्या ४२ व्या कलमाने माहिती व संचारसाधनांची सुगम्यता हे शासनाचे कर्तव्य ठरविले. प्रतिमुद्राधिकार कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती होऊन अपंग वाचकांसाठी सुगम प्रती करण्यास मुभा मिळाली. याच हेतूचा माराकेश करार २०१३ मध्ये झाला आणि त्यास २०१४ मध्ये सर्वप्रथम अनुमोदन देणारे राष्ट्र भारत होते. सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुडी प्रकरणात असे ठरविले की, सुगम्यतेचे नियम केवळ शिफारशीच्या स्वरूपाचे असून चालणार नाहीत, किमान मानके बंधनकारक असली पाहिजेत. ३० एप्रिल २०२५ च्या दुसऱ्या एका निर्णयात संगणकीय सेवांची सुगम्यता ही राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काशी जोडण्यात आली.

या सर्वांचे महत्त्व मान्य करूनही एक मर्यादा दाखविणे आवश्यक आहे. कायदा प्रत करण्याची परवानगी देतो. निर्दोष प्रत निर्माण करीत नाही. मानक ‘मजकूर असावा’ असे सांगते. मराठी मजकूर केव्हा मजकूर ठरतो, ‘आचाऱ्यांना’ या शब्दातील अदृश्य चिन्ह का जपावे, हे त्यास सांगता येत नाही. ज्या भाषांच्या अनुभवावर ही मानके प्रथम घडली, त्यांत हे प्रश्न याच रूपात नव्हते. त्यामुळे मानकाच्या सर्व रकान्यांपुढे खुणा करून झाल्यावरही एखादा मराठी ग्रंथ अंध वाचकास अवाच्य राहू शकतो. विभागाच्या तपासनिसाने खुणा मोजल्या, ग्रंथ ऐकला नाही, तर हे कोणाच्या लक्षातही येणार नाही.

या दृष्टीने भाषाविभागांकडे येणारी कामे पुरेशी स्पष्ट आहेत. टिपणे, प्रश्नपत्रिका, प्रबंध व पत्रिका युनिकोडमध्ये आणि मराठीच्या भाषाखुणेसह सिद्ध करणे. पीडीएफ हा प्रकार मुळात पानाचे रूप जपण्यासाठी निघालेला असल्यामुळे, आणि त्यातून देवनागरी मजकूर परत काढताना पुष्कळदा त्याचा क्रम बिघडत असल्यामुळे, त्याच्यासोबत मूळ संहिताही उपलब्ध ठेवणे. यंत्राने ओळखलेल्या जुन्या ग्रंथांचे मूळ मुद्रिताशी ताडून शोधन करणे व शंकास्थळे संहितेतच नोंदविणे. मराठी उच्चारकोशाच्या कामास हात घालणे. आणि प्रत्येक साधन वर्गात देण्यापूर्वी निदान एकदा पडदा झाकून ऐकणे. यांतील शेवटची गोष्ट सर्वांत सोपी आहे व बहुधा सर्वांत उपयुक्त ठरेल.

पाठचिकित्सेच्या शास्त्रात संपादकाचे पहिले कर्तव्य असे मानतात की, वाचकाच्या हाती पडणारी संहिता ही कर्त्याच्या संहितेच्या शक्य तितकी निकट असावी. हस्तलिखितांच्या बाबतीत मराठी संशोधकांनी हे कर्तव्य मोठ्या निष्ठेने बजावले आहे. एकेका ओवीच्या पाठासाठी अनेक पोथ्या ताडून पाहिल्या आहेत. आरंभी कल्पिलेली विद्यार्थिनी याहून निराळे काहीच मागत नाही. डोळस सहाध्यायाच्या हाती जी संहिता आहे तीच, तेवढ्याच विश्वासार्हतेने, आपल्या बोटांखाली व कानांवर यावी, एवढेच तिचे म्हणणे आहे. ते मान्य केले तर तिला विभागात प्रवेश दिल्याचा काही अर्थ राहील. नाही तर नोंदवहीत तिचे नाव असेल, आणि अभ्यास ज्या ग्रंथांचा करावयाचा ते ग्रंथ मात्र तिच्यासाठी मिटलेलेच असतील.